तीन वेढे

दोन घातले तर दोर पळतो,
चार घातले तर डगाल हवेत अडकून झोके खाते
आणि वरून मामा शिव्या देतो.
म्हणून तीन. सांदवाडीतल्या मोहाच्या बुंध्याला,
आणि उरलेला दोर माझ्या कमरेमागून.
हातमोजे धानगिरणीतले, अंगठ्याशी फाटलेले.

कौतिकाबाई ठेंगरेंचा शिरस
घरावर इतका ओणवा की कवेलूंवर वर्षभर त्याचाच कचरा.
माघापासून वाळल्या शेंगा वाजतात.
"कोनी चिल्लर मोजत बसल्यावानी वाटते, बापा, रातभर.
पाडून टाक पुरा."
चंद्रपूरहून मुलाचा फोनही तोच.
पंचायतीचा कागद, शिक्का, सगळं तयार.

डोमामामा बोलला नाही.
कोयत्याच्या पाठीनं खोड ठोकत गेला, कान लावून,
बाजारात माठ घेणाऱ्या बाईसारखा.
उत्तरेकडं एका जागी आवाज बदलला.
तिथं बोट ठेवून बराच वेळ उभा राहिला.
मग म्हणाला, "दुपारी कुठं बसता?"
"ह्याच पडवीत."
"वैशाखात?"
"मंग कुठं जाऊ?"
"मंग पुरा नाही पाडत. चार डगाली काढतो.
पुराच पाडायचा तर दुसरा मानूस पाहा."

नैताम लाइनमनची वाट पाहण्यात दहा वाजले.
लाइन बंद करून तो निघाला, तर मामानं थांबवलं :
"तू खांबाखालीच बस. चहा इथंच येते."

खाली उभ्या माणसाला झाड दिसत नाही.
डोळ्यांत भुसा, वर ऊन.
दोरातून कळतं : सरकला, थांबला, करवत लागली.
आधी खालून, थोडीशीच.
मग वीतभर पुढं जाऊन वरून.
नाही तर पडणारी डगाल खोडाची साल
पायापर्यंत सोलत नेते.
शेवटी उरलेली खुंटी, मानेजवळ, पण मान सोडून.
मान कापली तर जखम भरत नाही,
खुंटी ठेवली तर ती कुजते, झाडाला आतून खाते.
हे त्यानं मला एकदाच सांगितलं,
अंबाडी खुडताना, एक देठ हातात धरून.

तिसऱ्या डगालीत करवत किंचाळली.
ठिणगी.
"लोखंड!"
कडी निघाली, लाकडानं गिळलेली, मनगटाएवढी.
कौतिकाबाई खालून पाहत राहिल्या.
"इथं काटा लटके. सासरे धान मोजत."
मामा म्हणाला, करवतीची साखळी गेली, साडेपाचशेची.
त्या म्हणाल्या, कडी का मी ठोकली?
दहा मिनिटं हेच चाललं,
डगाल अर्धी कापलेली,
आणि दोर माझ्या हातात.

चौथी नेमकी घरावरची.
एक करकर, मग काहीच नाही,
मग वजन.
टाचा मातीत रुतल्या, मी हातभर ओढली गेले,
मोहाची साल दोराखाली चरचरली.
डोळे उघडले तेव्हा डगाल
आढ्याच्या वर वितीवर थांबली होती,
पानं कवेलूंना हुंगत होती.
मग सोडली. फूट, फूट,
भरला गंज चुलीवरून उतरवावा तशी,
अंगणात.

एक कवेलू फुटलं. एकच, एका काटकीनं.
कौतिकाबाईंनी शिडी लावून मोजलं
आणि वीस रुपये कापून घेतले.
साखळीचे दिले नाहीत.
कडी मात्र पदराला पुसून आत नेली.

निघताना पडवीत बसून वर पाहत होत्या.
"आता नाही ना वाजणार?"
"थोड्या वाजतील," मामा म्हणाला.
"थोड्या वाजू दे."

रात्री मूठ मिटेना.
भात चमच्यानं खाल्ला.
मामानं पाहिलं, हात धुतले,
दोराची गुंडी करत म्हणाला,
उद्या मिंडाळ्याला चिचेचं काम आहे, शाळेवरची,
जुनी आहे, जड आहे.
वेढे चार लागतील.